वाचकांचे प्रश्न : पुस्तिका नसलेले हार्डवेअर आणि पत्त्यांचा उलगडा

प्रश्न : मी पुण्यातील एका छोट्या कंपनीत एम्बेडेड लिनक्सवर काम करते. आमच्या बोर्डावरील व्हिडिओ एकक आणि मुख्य मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलून देणारे एक आयओएमएमयू आहे, असे चिपच्या आकृतीत दिसते. पुरवठादाराच्या पुस्तिकेत त्याच्याविषयी जेमतेम अर्धे पान आहे आणि त्यातही रजिस्टरांची (एककाला आज्ञा देण्याच्या आणि त्याची स्थिती वाचण्याच्या जागांची) नावे आहेत, अर्थ नाहीत. वरिष्ठांचे म्हणणे असे, की जुना ड्रायव्हर चालतो तर तोच उचलावा. तो चालतो हे खरे, पण का चालतो हे मला सांगता येत नाही. अशा एककाचा अर्थ लावण्याची काही शिस्तबद्ध रीत आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : का चालतो हे सांगता येत नसलेला ड्रायव्हर चालवत राहणे कुठेही जोखमीचेच, पण पत्ते बदलून देणाऱ्या एककाच्या बाबतीत ती जोखीम विशेष मोठी आहे, आणि म्हणून आपली अस्वस्थता मला अगदी योग्य वाटते. ध्वनी किंवा पडद्याच्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली तर आवाज बिघडतो, चित्र फाटते, म्हणजे चूक जिथे झाली तिथेच ती दिसते. आयओएमएमयूच्या ड्रायव्हरमध्ये चूक झाली तर व्हिडिओ एकक भलत्याच भौतिक पत्त्यावर लिहिते. ती जागा एखाद्या फाइलची असू शकते, दुसऱ्या प्रोग्रॅमची असू शकते किंवा खुद्द कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची. आणि त्याचा परिणाम तासाभराने, ज्या भागाचा व्हिडिओशी काही संबंध नाही अशा भागात दिसतो.

रीत आहे. तिची पहिली पायरी हार्डवेअरला हात लावण्यापूर्वीची आहे. या प्रकारचे एकक कोणीही बनवलेले असो, काही गोष्टींवाचून ते काम करूच शकत नाही. पेज टेबलचे, म्हणजे कोणत्या पत्त्याच्या जागी कोणता भौतिक पत्ता वापरायचा त्या तक्त्याचे, मूळ मेमरीत कुठे आहे हे त्याला कुठेतरी सांगावे लागते. पत्ते बदलणे चालू की बंद हे ठरवणारा बिट लागतो. टेबलातील नोंदीला ठरलेला आकार लागतो. एकदा वाचलेल्या नोंदी ते स्वतःच्या टीएलबीत, म्हणजे छोट्या जलद साठ्यात, जपून ठेवत असल्यामुळे त्या पुसण्याची आज्ञा लागते. आणि नोंद सापडली नाही तर तक्रार नोंदवायला जागा लागते. इंटेल, एएमडी आणि आर्म या तिघांनीही आपापल्या आयओएमएमयूचे तपशील प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांपैकी एक तरी नीट वाचून घ्यावे, कारण काय असायलाच हवे हे माहीत असलेल्या माणसाला निनावी रजिस्टरांच्या यादीतही ते शोधता येते, आणि ते माहीत नसलेल्या माणसासमोर संपूर्ण पुस्तिका ठेवली तरी ती नुसत्या आकड्यांची रास राहते.

प्रत्यक्ष उदाहरण म्हणून ॲपलच्या डार्टकडे पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ ही चिप असलेले संगणक बाजारात आणले. त्यांवर लिनक्स चालवण्यासाठी असाही लिनक्स हा प्रकल्प उभा राहिला. या चिपमधील उपकरणे मेमरीपर्यंत डार्ट नावाच्या आयओएमएमयूमधून पोहोचतात आणि त्याची सार्वजनिक पुस्तिका उपलब्ध नव्हती. तरीही स्वेन पीटर यांनी लिहिलेला डार्टचा ड्रायव्हर २०२१ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या लिनक्स ५.१५ मध्ये समाविष्ट झाला. (ॲपलच्या जुन्या पॉवरपीसी जी५ यंत्रांतही डार्ट नावाचेच एकक होते आणि लिनक्समध्ये त्याचाही ड्रायव्हर आहे, पण ते वेगळे हार्डवेअर आहे. नावाच्या साम्यावरून रचनेचे साम्य गृहीत धरू नये.) हा ड्रायव्हर आपण मुळातून वाचावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण फार मोठा नसूनही तो अशा एककाचा सांगाडा स्वच्छ दाखवतो.

रजिस्टरांमधील अंतरे किती बोलकी असतात ते त्यात दिसते. एम१ वरील डार्टमध्ये १६ प्रवाह, म्हणजे उपकरणांच्या १६ स्वतंत्र ओळखी, आहेत. प्रत्येक प्रवाहाचे नियंत्रण-रजिस्टर हेक्साडेसिमल (सोळाच्या पायावरील) १०० या अंतरापासून सुरू होऊन चार-चार बाइटांवर येते, तर मुळांची रजिस्टरे हेक्साडेसिमल २०० पासून दर प्रवाहाला १६ बाइट अशी मांडलेली आहेत. एक रजिस्टर चार बाइटांचे असेल तर १६ बाइटांत चार मुळे बसतात, हे निव्वळ अंतरावरून सुचते. सुचलेली गोष्ट सिद्ध झालेली नसते, हे मात्र वहीत वेगळे लिहून ठेवायचे.

नोंदींचा आकार अंकगणितातून उलगडतो. पान (मेमरीचा ठरलेल्या आकाराचा तुकडा) १६ केबीचे आणि नोंद ८ बाइटांची असेल, तर एका पानात २०४८ नोंदी मावतात. टेबल दोन पातळ्यांचे धरू, म्हणजे वरच्या टेबलातील नोंद खालचे टेबल दाखवते. शेवटच्या पातळीवरील प्रत्येक नोंद १६ केबीचे एक पान दाखवत असल्यामुळे असे एक टेबल ३२ एमबी व्यापते, आणि ३२ बिटांच्या म्हणजे ४ जीबीच्या पत्त्यांसाठी वरच्या पातळीवर १२८ नोंदी पुरतात. आता समजा, उपकरणाने १०० एमबी हा पत्ता वापरला. शंभराला ३२ ने भागल्यावर भाग ३ आणि बाकी ४ एमबी उरते, आणि ४ एमबीमध्ये १६ केबीची २५६ पाने येतात. म्हणजे शून्यापासून मोजताना वरच्या टेबलात ३ क्रमांकाची आणि खालच्या टेबलात २५६ क्रमांकाची नोंद भरलेली सापडायला हवी. सापडली, तर पानाचा आकार, नोंदीचा आकार आणि पातळ्यांची संख्या या तिन्ही अनुमानांना एकाच वेळी आधार मिळतो. सापडली नाही, तर तिघांपैकी कोणते चुकले हे ती कुठे सापडली त्यावरून कळते.

अंकगणितालाही फसवणारी एक जागा इथे आहे. पान १६ केबीचे असल्यामुळे मुळाचा पत्ता १४ बिट सरकवून रजिस्टरात लिहिला जात असेल, असे कोणालाही वाटेल. डार्टमध्ये तो १२ बिट सरकवलेला असतो आणि ३१ वा बिट ‘हे मूळ वैध आहे’ असे सांगतो. १६ केबीच्या सीमेवर सुरू होणाऱ्या टेबलाचा पत्ता १२ बिट सरकवला, की उरलेल्या संख्येचे शेवटचे दोन बिट कायम शून्यच राहतात. रजिस्टर पाहताना हे दोन कायमचे शून्य बिट ज्याच्या नजरेत भरतील, तो १४ चा हट्ट सोडून देईल.

या सर्वांहून मोलाचे रजिस्टर तक्रारीचे असते, आणि नवखी मंडळी नेमके त्यालाच सर्वांत शेवटी हात घालतात. डार्टमध्ये ते हेक्साडेसिमल ४० वर आहे आणि चुकलेला पत्ता ५० व ५४ वर मिळतो. तक्रार-रजिस्टराचे खालचे पाच बिट अनुक्रमे असे आहेत : मूळच नाही, वरच्या टेबलात नोंद नाही, खालच्या टेबलात नोंद नाही, लिहिण्याची चूक, वाचण्याची चूक. अशा रजिस्टराचे अर्थ ठाऊक नसताना प्रयोग कसा रचता येईल ते पाहा. आधी मूळ मोकळे ठेवून उपकरणाला एकच वाचन करायला लावावे आणि कोणता बिट उठतो ते टिपावे. मग मूळ द्यावे पण वरचे टेबल रिकामे ठेवावे. मग वरची नोंद भरून खालची रिकामी ठेवावी. दर वेळी एकच गोष्ट बदललेली असते, म्हणून दर वेळी उठणाऱ्या बिटाचा अर्थ एकच निघतो. आपल्या एककाच्या पुस्तिकेत अर्धेच पान असले, तरी त्या अर्ध्या पानातील नावांपैकी तक्रारीचे नाव कोणते असू शकेल हे आधी शोधा आणि पहिले काम तिथून सुरू करा. एक सावधगिरी : काही हार्डवेअरमध्ये असे रजिस्टर वाचताच पुसले जाते, म्हणून चाचणीच्या मध्येच सर्व रजिस्टरे छापून पाहण्याचा मोह टाळावा.

सगळ्यात अवघड भाग टीएलबी पुसण्याचा आहे, कारण तिथे चूक झाली तरी तक्रार-रजिस्टर गप्पच राहते. नोंद टेबलातून काढली पण टीएलबीतून पुसली नाही, तर उपकरण जुन्याच पानावर लिहीत राहते आणि दरम्यान कर्नलने ते पान दुसऱ्याला दिलेले असते. डार्टचा ड्रायव्हर आधी कोणते प्रवाह ते निवडतो, मग पुसण्याची आज्ञा लिहितो आणि ‘काम चालू आहे’ असे सांगणारा बिट खाली येईपर्यंत थांबतो. या थांबण्याला १०० मायक्रोसेकंदांची मर्यादा घातलेली आहे. आपल्या बोर्डावर हे तपासायचे असेल, तर काही पाने घेऊन प्रत्येक पान त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने भरावे, उपकरणाला त्यांतील एक वाचायला लावावे, मग टेबलातील नोंद दुसऱ्या पानाकडे वळवून आज्ञा न देता पुन्हा वाचायला लावावे आणि शेवटी आज्ञा देऊन तिसऱ्यांदा. कोणता क्रमांक परत आला यावरून टीएलबीचे वर्तन समोर येते. हा प्रयोग आधी फक्त वाचनाने करावा; लेखनाने करण्याचे धाडस, ज्यावरील सगळे पुसले गेले तरी चालेल अशाच यंत्रावर करावे.

आपल्याकडे जुना, चालणारा ड्रायव्हर आहे, ही मोठी सोय आहे. तो उचलून लावण्यापेक्षा त्याचे निरीक्षण करा. एनव्हीडियाच्या बंद ड्रायव्हरचे निरीक्षण करण्यासाठी नूव्हो या मुक्त ड्रायव्हरच्या प्रकल्पाने वापरलेले एमएमआयओट्रेस हे साधन २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ मध्ये आले. रजिस्टरांची पाने ते ‘उपलब्ध नाहीत’ असे दाखवते, त्यामुळे ड्रायव्हरने रजिस्टराला हात लावताच पेज फॉल्ट होतो, म्हणजे प्रोसेसर अडून कर्नलला कळवतो. मग साधन तो व्यवहार टिपते, पान क्षणभर उघडते, तेवढी एकच सूचना पुढे जाऊ देते आणि पान पुन्हा झाकते. पान उघडे असताना दुसऱ्या प्रोसेसरचा व्यवहार नजरेतून निसटू नये, म्हणून ते एक सोडून बाकीचे प्रोसेसर बंद ठेवते. हे साधन इंटेल-कुळातील प्रोसेसरांपुरते आहे; असाहीने एम१ साठी हेच काम एम१एन१ या आपल्या बूटलोडरमधील (यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधील) हायपरव्हायझरकडून करून घेतले, ज्यात मॅकओएस वरच्या थरात चालते आणि तिचे रजिस्टरांशी होणारे व्यवहार तिच्या खालच्या थरात टिपले जातात. आपल्या बोर्डावर यांपैकी काहीच नसले आणि ड्रायव्हरचा स्रोत हाती असला, तर रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शनांभोवती छपाई घालणे पुरेसे आहे. फक्त एक मर्यादा विसरू नये : या सर्व मार्गांनी रजिस्टरांचे व्यवहार दिसतात, साध्या मेमरीत असलेले पेज टेबल दिसत नाही. मुळाच्या रजिस्टरात पत्ता लिहिला जाताना दिसला, की त्याच क्षणी त्या पत्त्यावरील मेमरीची प्रत काढून ठेवावी.

आपल्या वरिष्ठांना दाखवण्याजोगी वस्तू या कामातून निर्माण होते, ती म्हणजे तीन रकान्यांची वही : पाहिलेले, अनुमान केलेले आणि केवळ नक्कल केलेले. तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक ओळ ही उद्याची संभाव्य तक्रार आहे, आणि ती किती लांब आहे हे डोळ्यांसमोर आले, की ‘जसाच्या तसा उचला’ या सल्ल्याचा खरा खर्च चर्चेत येतो.

प्रश्न : रजिस्टरांचा भौतिक पत्ता एकदा समजला, की ड्रायव्हरमध्ये आयओरीमॅप (भौतिक पत्ता ड्रायव्हरला वापरता येईल असा जोडून देणारे कर्नलचे फंक्शन) करून वाचन-लेखन सुरू करता येते, असे आम्हाला शिकवले गेले. पत्ता बरोबर असूनही लेखन फसते, असे होऊ शकते का?
– अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : होऊ शकते, आणि त्याचेही उत्तम उदाहरण एम१ हेच आहे. आयओरीमॅप पत्ता देते तेव्हा त्यासोबत त्या पत्त्याशी कसे वागावे हेही प्रोसेसरला सांगते. ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर उपकरणांच्या मेमरीसाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : लागोपाठची लेखने एकत्र करायची का, त्यांचा क्रम बदलायचा का, आणि लेखन प्रत्यक्ष उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेतील एखाद्या टप्प्याने ‘पोहोचले’ अशी पोच द्यायची का. लिनक्सचे नेहमीचे आयओरीमॅप पहिल्या दोन्हींना मनाई करते, पण लवकर पोच द्यायला परवानगी देते, कारण बहुतेक आर्म यंत्रांवर ते चालते आणि वेगही मिळतो.

एम१ च्या आतील उपकरणांना ही लवकर पोच चालत नाही. तशा प्रकारे केलेले लेखन चिपमधील जोडणी नाकारते आणि प्रोसेसरला ‘एसएरर’ नावाची चूक कळते, जी नेमक्या कोणत्या सूचनेमुळे आली हे सहज सांगता येत नाही. उलट, त्याच चिपवरील पीसीआय एक्स्प्रेस उपकरणांच्या पत्त्यांना लवकर पोच देणारा प्रकारच लागतो. म्हणजे एकाच यंत्रावर दोन प्रकारचे पत्ते आणि दोन प्रकारची वागणूक. यासाठी जून २०२१ मधील लिनक्स ५.१३ मध्ये आयओरीमॅप_एनपी हे वेगळे फंक्शन आले आणि कोणत्या बसला कोणता प्रकार लागतो हे डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या हार्डवेअरच्या वर्णनात) लिहिण्याची सोय झाली, जेणेकरून प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्रपणे बदलावे लागू नये.

वर्गात ‘पत्ता मिळाला की झाले’ असे शिकवले जाते, ते सुरुवातीच्या पाठापुरते ठीक आहे. पुस्तिका नसलेल्या हार्डवेअरपाशी मात्र पत्ता आणि वागणूक या दोन स्वतंत्र अज्ञात गोष्टी धराव्यात. योग्य पत्त्यावरील पहिलेच लेखन फसले, तर पत्ता चुकला असे ठरवून दुसरा शोधत बसण्यापूर्वी तिथे वाचन होते का ते पाहावे. वाचन व्यवस्थित होत असेल, तर संशय वागणुकीवर घ्यावा.

प्रश्न : बिटाचा अर्थ माहीत नसेल, तर ड्रायव्हरमध्ये त्याला नाव काय द्यावे? अंदाजाने अर्थपूर्ण नाव दिले तर वाचणाऱ्याला सोपे जात नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सोपे जाते, पण चुकीच्या दिशेने. डार्टच्या नियंत्रण-रजिस्टरात भाषांतर (म्हणजे पत्ते बदलणे) टाळण्याशी संबंधित दोन बिट आहेत, ८ वा आणि १२ वा. ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीत त्यांची नावे ‘बायपास०’ आणि ‘बायपास१’ अशी होती, कारण दोन्ही एकत्र लावले की भाषांतर टळते एवढेच त्या नावांना म्हणायचे होते. पुढे त्यांतील एक खुद्द डार्टला वगळतो आणि दुसरा डीएपीएफ नावाच्या गाळणीसारख्या वेगळ्या भागाला वगळतो, हे नावांत आले. पहिल्या दिवशी कोणी कल्पनेने भारदस्त नावे दिली असती, तर हा फरक शोधण्याची गरजही कोणाला वाटली नसती. क्रमांकाचे साधे नाव वाचणाऱ्याला ‘इथे अजून काम बाकी आहे’ असे प्रामाणिकपणे सांगते.

हाच प्रामाणिकपणा वागण्यातही असावा. काही डार्ट बूटलोडर कुलूपबंद करून ठेवतो आणि तसे सांगणारा बिट असतो. पहिला ड्रायव्हर तो बिट दिसताच स्पष्ट संदेश छापून माघार घेत असे. कर्नलमधील पान ४ केबीचे आणि डार्टचे १६ केबीचे असेल, तर तो ड्रायव्हर भाषांतराचा अर्धवट प्रयत्न न करता भाषांतर टाळूनच काम करतो. जे समजलेले नाही तिथे थांबणे, हे कर्नलमध्ये चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

प्रश्न : माझ्याकडे असे कोणतेही हार्डवेअर नाही. घरच्या लॅपटॉपवर सराव कसा करावा?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ‘एड्यू’ नावाचे एक शिकण्यासाठीचे पीसीआय उपकरण तयार आहे. त्याची माहिती क्यूईएमयूच्या दस्तऐवजांत दिलेली आहे, म्हणून ती वाचू नका. ती एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि तिच्याकडून फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच उत्तर घ्या. रजिस्टरांत वेगवेगळे आकडे लिहून काय परत येते ते पाहा. एक रजिस्टर लिहिलेल्या आकड्याचे सगळे बिट उलटवून परत देते आणि दुसरे दिलेल्या संख्येचा फॅक्टोरियल काढते, एवढे सांगून ठेवतो. बाकीचे आपण शोधा.

दुसऱ्या टप्प्यात त्याच आभासी यंत्रात इंटेलचे आयओएमएमयू जोडा, पाहुण्या, म्हणजे त्या यंत्रात चालणाऱ्या, कर्नलमध्ये ते सुरू करा आणि ड्रायव्हरमध्ये मुद्दाम चुका करा : पान जोडण्यापूर्वीच डीएमए (उपकरणाने मेमरीशी थेट केलेला व्यवहार) सुरू करा, जोडणी काढल्यानंतर पुन्हा करा, आणि कर्नलच्या लॉगमधील तक्रारींतून कोणता पत्ता, वाचन की लेखन, आणि कोणत्या कारणाने, हे वाचायला शिका. नंतर आयओएमएमयू काढून टाका आणि त्याच चुका पुन्हा करा. एड्यूचा डीएमए सहसा २८ बिटांपुरता, म्हणजे २५६ एमबीपर्यंतच पोहोचतो, आणि त्यापुढचा पत्ता दिला तर वरचे बिट कापले जातात. ड्रायव्हरने ही मर्यादा कर्नलला कळवली नाही आणि ३०० एमबीवरील पत्ता दिला, तर लेखन ४४ एमबीवर होईल. पाहुण्या कर्नलच्या लॉगमध्ये त्याची एकही ओळ दिसणार नाही, आणि ४४ एमबीवर त्या वेळी काय होते ते आपल्यालाच शोधून काढावे लागेल.